खान्देशातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी यलोटेल डॅमसेल: घ्यावी, पण सगळ्यांत शेवटी

निळंशार अंग, हळदीसारखी पिवळी शेपटी. यलोटेल डॅमसेल (क्रायसिप्टेरा पॅरासेमा) मूळची फिलिपिन्स, पापुआ न्यू गिनीकडच्या प्रवाळांतली, वाढ जेमतेम 7 सेंमी. डॅमसेल या भांडखोर माशांच्या कुळात त्यातल्या त्यात सौम्य आणि पैसे वसूल करणारी मासोळी.

"काटक आहे, नव्या टाकीत आधी हीच सोडा" हा सल्ला मात्र ऐकू नका. अमोनिया आणि नायट्राइट ही पाण्यातली विषं पचवणारे जिवाणू तयार व्हायला 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर ती जगेलही, पण कल्ले भाजून. शिवाय डॅमसेल खडकातली एक कपार धरते आणि आजूबाजूची जागा आपली मानते. आधी आलेली डॅमसेल नंतर येणाऱ्या प्रत्येक माशाचे पर कुरतडते, आणि तिला पकडायचं म्हणजे सगळे खडक उपसायचे. भरलेल्या टाकीत मासे न सोडता, जिवाणू वाढावेत म्हणून रोज चिमूटभर खाद्य टाका. टेस्ट किटवर अमोनिया, नायट्राइट शून्य दिसले की गरीब स्वभावाचे मासे सोडा. डॅमसेल शेवटी. 100 लिटरला एकच.

जळगाव-भुसावळचा मे महिना हीच खरी परीक्षा. पाणी 25 ते 27 अंशांवर हवं. आपली हवा कोरडी असल्याने पाण्यावर छोटा पंखा लावला तरी 2-3 अंश उतरतात. खोलीच तापत असेल तर चिलरला (पाणी थंड करणाऱ्या यंत्राला) पर्याय नाही. पंख्याने पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) 1.025 च्या वर जातो. म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याची, मिठाच्या पाण्याची नव्हे. मीठ (स्वयंपाकाचं नव्हे, मत्स्यटाकीचं समुद्री मीठ) फक्त पाणी बदलताना: लिटरला साधारण 35 ग्रॅम, आदल्या दिवशी कालवून. बोअरचं पाणी नकोच, त्यातल्या नायट्रेटवर शेवाळ माजतं. लाइट गेली की ऑक्सिजन घटतो, तापलेल्या पाण्यात जास्तच. बॅटरीचा एअर पंप आधीच घेऊन ठेवा.

दुकानात मासा खाताना बघूनच घ्या. अंगावर पांढरी पूड किंवा धापा दिसल्या तर नको. मुंबईहून रात्रभर आलेली पिशवी उघडून तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसू नका: कार्बन डायऑक्साइड उडून पीएच चढतो आणि साचलेला अमोनिया जहाल होतो. बंद पिशवी 20 मिनिटं तरंगवा, खारेपणा जुळत असेल तर जाळीने उचलून लगेच सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत नको.

शेजारच्या काचेतली तीन पांढऱ्या ठिपक्यांची काळी डोमिनो डॅमसेल लहानपणीच गोड दिसते. ती 14 सेंमीपर्यंत वाढते, ठिपके फिके पडतात आणि टाकीत कोणाला टिकू देत नाही.