कडप्प्यावर फेस आला तेव्हाच त्यांना थांबवायला हवं होतं

१९,००० रुपये. १०,००० यूपीआयने आणि ९,००० रोख. कशासाठी, तर ओटा आणि ट्रॉल्या साफ करण्यासाठी. हे लिहितानाही लाज वाटते. पण गेल्या आठवड्यात मागच्या इमारतीतल्या वहिनी तशाच एका पत्रकावर फोन करायला निघाल्या होत्या, म्हणून लिहितेच.

पत्रक तुम्हीही पाहिलं असेल. ‘दिवाळी धमाका, संपूर्ण किचन डीप क्लीनिंग फक्त १,४९९.’ कमी पैशात घरात शिरायचं आणि मग आकडा फुगवायचा, ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. सोफा धुणारे तेच करतात, पाण्याच्या फिल्टरवालेही तेच. पण हे पत्रक सोसायटीच्या ग्रुपवर ओळखीच्या माणसाने टाकलेलं होतं. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन सप्टेंबरात झालेलं, मुलगी नातवाला घेऊन २७ तारखेला येणार आणि कामाच्या मावशी गावी गेलेल्या. चौदा वर्षं वापरलेलं स्वयंपाकघर एकटीने काढणं मला शक्यच नव्हतं. मी हावरटपणाने काही केलेलं नाही, एवढं तरी लक्षात घ्या.

शनिवारी, १९ ऑक्टोबर २०२४ ला, तिघे आले. दोन पोरं बादल्या घेऊन आणि एक ‘सुपरवायझर’ नुसता मोबाईल घेऊन. किमतीबद्दल एक शब्द न बोलता त्यांनी आधी सगळं बाहेर काढलं. डबे, कढया, पोळपाट, पिठाचा डबा, आठही ट्रॉल्या. वीस मिनिटांत हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. गॅसची नळीही काढून ठेवली. आणि मग दर सांगायला सुरुवात केली. आता कळतं, की सामान आधी काढतात ते याचसाठी. त्या अवस्थेत तुम्ही त्यांना ‘जा’ म्हणू शकत नाही. भाव लेखी ठरल्याशिवाय एक वाटीसुद्धा हलवू देऊ नका.

ग्रॅनाइटच्या ओट्याची ‘छिद्रं उघडली आहेत’, नॅनो कोटिंग केलं नाही तर दगड तडकेल, म्हणे. खालच्या कडप्प्याच्या कप्प्यांसकट ४८ चौरस फूट, २८० रुपये दराने १३,४४०. ट्रॉल्यांना गंजरोधक कोटिंग, आठ गुणिले ३५० म्हणजे २,८००. मग एकाने सिंकखालच्या कपाटातून हात बाहेर काढला आणि तळव्यावरचा पिवळसर भुसा दाखवला. ‘काकू, वाळवी.’ तिचे २,२००. आमच्या सुतारकाकांनी नंतर सांगितलं, घरात लागणारी नेहमीची वाळवी मातीचे पट्टे चढवते, असा कोरडा भुसा पाडत नाही. तो भुसा ड्रिलचा होता, बिजागऱ्यांचे स्क्रू बसवताना पडलेला. चौदा वर्षं कोपऱ्यात पडून होता.

आता ती गोष्ट, जी मला रात्री झोपू देत नाही.

एका पोराने पांढऱ्या कॅनमधलं काहीतरी मगमध्ये ओतलं. कॅनवर नाव नाही, लेबल नाही. ते त्याने कडप्प्यावर टाकलं आणि फेस आला. फसफसून पांढरा फेस, बारीक आवाजासकट. नाकाला झणझणीत वास लागला, मी खोकत खिडकी उघडली. तो म्हणाला, ‘बघा काकू, केवढी घाण निघतेय!’ आणि मी मान डोलावली.

मी बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. शहाबादी फरशीचा तुकडा परीक्षानळीत टाकायचा, वरून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, बुडबुडे येतात, तो वायू चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते. कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल, कार्बन डायऑक्साइड. दर वर्षी प्रत्येक तुकडीला मी हा प्रयोग स्वतः करून दाखवला. कडप्पा हा चुनखडीचाच दगड. माझ्या डोळ्यांसमोर फसफसत होती ती घाण नव्हती, दगड विरघळत होता. तेलाची चिकट घाण आम्लाने फसफसत नाही, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. पण हॉलमध्ये भांडी पडलेली, आतून हे चहा मागत होते, आणि समोरचा माणूस इतक्या खात्रीने बोलत होता. हे कारण पुरेसं नाही, मला माहीत आहे.

कडप्पा वाळल्यावर त्यावर पांढुरके ओघळ दिसायला लागले. ते झाकायला ‘कोटिंग’ आलं. काळं, दाट, त्याला बूट पॉलिशसारखा वास. ग्रॅनाइटवर आणि कडप्प्यावर दोन्हीकडे फासलं आणि कापडाने घासलं. ओटा आरशासारखा चमकला, खोटं का सांगू. सुपरवायझरने पाण्याचे चार थेंब टाकले, ते मोत्यासारखे गोल उभे राहिले. तेलकट थरावर पाणी असंच उभं राहतं, त्यात नॅनो वगैरे काही नसतं. त्याने फोटो काढले. ‘रेकॉर्डसाठी, मॅडम.’

मूळच्या १,४९९ सकट एकूण झाले १९,९३९. ‘वरचे ९३९ सोडले मॅडम, दिवाळी आहे.’ यूपीआयवर पैसे पाठवताना पत्रकावरच्या कंपनीऐवजी भलत्याच मोबाईल शॉपीचं नाव आलं. मी विचारलं. म्हणाला, ‘आमचंच दुसरं खातं आहे.’ बिल व्हॉट्सॲपवर येणार होतं. नाव जुळत नसेल तर पिन टाकूच नका, मग समोरचा काहीही सांगो.

गुरुवारी चकल्या तळल्या. कढई उतरवून ओट्यावर ठेवली, उचलली, तर खाली राखाडी गोल आणि कढईच्या बुडाला काळा चिकट थर. ओलं फडकं फिरवलं, फडकं काळं झालं. खालचे कप्पे पुसले तर जिथे आम्ल पडलं होतं तिथे कडप्पा पांढरा आणि खरखरीत, नख फिरवलं की कळतं. दिवाळी संपेपर्यंत आठपैकी पाच ट्रॉल्यांवर तपकिरी ठिपके उठले. आम्लातला क्लोराइड स्टेनलेस स्टीलवरचा संरक्षक थर फोडतो, बंद कपाटातली वाफसुद्धा त्याला पुरते. नव्या पाच जाळ्यांचे सुतारकाकांनी ९,२५० सांगितलेत. ग्रॅनाइटला मात्र काहीच झालं नाही. त्याला आधीही काही झालं नव्हतं! वर्षानुवर्षांच्या फोडण्यांचा थर होता फक्त. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे चार थेंब, मऊ फडकं आणि लगेच कोरडं पुसणं, एवढ्याने तो निघतो. आम्ल, लिंबू, व्हिनेगर यातलं काहीही कडप्प्यावर किंवा मार्बलवर नको. आणि ॲसिड व ब्लीच तर चुकूनही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

त्यांचा नंबर बंद झाला होता. २५ ऑक्टोबरला चौकीत गेले. चाळीस मिनिटं बाकावर बसवलं, मग विचारलं, ‘काम केलं ना त्यांनी? मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब आहे.’ मी काळं फडकं पिशवीतून काढून दाखवलं. समोरच्या साहेबांनी ते हातातही घेतलं नाही. वर म्हणाले, ‘एवढ्या शिकलेल्या तुम्ही, मॅडम.’ ते वाक्य मी घरी कुणालाही सांगितलेलं नाही. अर्ज घेतला, पण पोच तीनदा मागितल्यावर मिळाली. पुढच्या वेळी सांगितलं, पैसे गेलेलं खातं दुसऱ्या शहरातलं आहे, तिकडे तक्रार द्या. ह्यांचा गुडघा आणि माझं वय बघता मी कुठे तिकडे जाणार होते? नंतर वकिलाकडून कळलं, की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता घ्यावीच लागते, आणि ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते. फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे. हे मला बाकावर बसलेलं असताना सांगणं कुणाचं काम होतं? बँकेत गेले. ‘पिन तुम्हीच टाकलाय.’ सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, ‘ग्रुपवर ज्याने टाकलं त्यालाच विचारा.’ ज्याने टाकलं तो म्हणाला, त्यालाही कुठून तरी आलेलं. चार दारं झाली आणि प्रत्येकाने मलाच विचारलं, तुम्ही बघितलं नाही का?

पैसे गेल्याचं लक्षात येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मी सहा दिवस घालवले. रोख तर अजिबात देऊ नका, माझ्या ९,००० चा तर पुरावाच नाही. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. पण समोरच्याचा पत्ता लागतो. पत्ता नसलेल्या माणसाला घरात घेतलं, ही माझी चूक. तुम्ही आत घेण्याआधी आधार कार्डाचा फोटो काढा. कॅनवर लेबल नसेल तर झाकणही उघडू देऊ नका.

त्या वहिनींनी मला दाखवलेलं पत्रक नवीन आहे. कंपनीचं नाव वेगळं, नंबर वेगळा, दर १,२९९. आणि खाली ‘आमचं काम’ म्हणून जो चकचकीत ओटा छापलाय, तो माझा आहे. खिडकीत तुळशीची निळी कुंडी आणि तिच्या शेजारी ह्यांची औषधाची डबी स्पष्ट दिसते. तो फोटो तुमच्या ग्रुपवर आला तर पुढे पाठवू नका, आणि ज्याने टाकला त्याला तिथल्या तिथे सांगा.