झॅम्पवर पीएचपी शिकताना, इन्क्लूडच्या एररसकट पाच-सहा महिन्यांचा अनुभव

पावसाळ्याच्या आधी लॅपटॉपवर झॅम्प टाकलं (आपल्याच मशीनवर पीएचपीची साइट चालवून बघायचं पॅकेज), विंडोजवालं, आत पीएचपी ८.२. तेव्हापासून ऑफिसातून आल्यावर त्यावरच शिकतोय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. इन्स्टॉल सोपंय, नेक्स्ट नेक्स्ट करत जायचं, पॅनलवर अपाचे (वेब सर्व्हर) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) यांचं स्टार्ट दाबायचं (आत खरं तर मायएसक्यूएलचाच भाऊबंद मारियाडीबी असतो, पाटी फक्त मायएसक्यूएलची), ८० नंबरचं पोर्ट आधीच कुणी धरून बसलं असेल तर थोडी डोकेफोड, बास. त्यावर व्हिडिओ ढिगाने पडलेत. मला लिहायचंय ते इन्क्लूडबद्दल, म्हणजे एका फाइलीत दुसरी फाइल ओढून घेणाऱ्या ओळीबद्दल, कारण लूप न् ॲरे कसेही जमतात, पण एका फाइलीच्या चार फाइली केल्या की नवा माणूस हमखास लटकतो.

झॅम्पचं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे एरर सरळ स्क्रीनवर येते. हेडरची फाइल सापडली नाही की एक नाही, दोन वॉर्निंग येतात. पहिली 'फेल्ड टू ओपन स्ट्रीम, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. बहुतेक जण तीच कॉपी करून गूगलवर टाकतात. वाचायची ती दुसरी, कारण तिच्या शेवटी कंसात इन्क्लूड पाथ असतो, म्हणजे पीएचपी कुठे कुठे शोधून आलं ते. तिथे पेअर नावाचा फोल्डर दिसतो (पीएचपीच्या तयार लायब्रऱ्यांचा), आणि काही झॅम्पमध्ये त्याच्या आधी एक टिंब आणि सेमीकोलन. ते टिंब म्हणजे चालू फोल्डर, आणि सगळी गंमत इथेच आहे, चालू फोल्डर म्हणजे तुमची इन्क्लूडची ओळ ज्या फाइलीत आहे तिचा नव्हे, तर ब्राउझरने जी फाइल मागितली तिचा.

माझं उदाहरण सांगतो. सोसायटीच्या मेंटेनन्स पावत्यांचं छोटं ॲप करतोय. बाहेर इंडेक्स, आत इन्क्लुड्स फोल्डरमध्ये हेडर आणि त्याच्या शेजारीच मेनू. हेडरमधून मेनूला टिंब-स्लॅश लावून बोलावलं तर वॉर्निंग, फाइल डोळ्यासमोर शेजारी बसलीय तरी. टिंब-स्लॅश काढून नुसतं मेनूच्या फाइलीचं नाव लिहिलं तर चाललं! कारण असं की टिंब-स्लॅश किंवा दोन टिंबं-स्लॅश असलं की पीएचपी फक्त चालू फोल्डरपासून मोजतं, बाकी कुठे बघतच नाही. नुसतं नाव दिलं की आधी इन्क्लूड पाथ बघतं आणि तिथे नाही मिळालं तर शेवटी बोलावणाऱ्या फाइलीच्या फोल्डरमध्ये डोकावतं. चाललं म्हणून मात्र तसं ठेवू नका, इन्क्लूड पाथमध्ये ते टिंब असेल तर उद्या बाहेरच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची दुसरी फाइल आली की गुपचूप ती उचलली जाईल आणि एरर पण येणार नाही.

यावर औषध एकच, डिर. म्हणजे डी आय आर कॅपिटलमध्ये, पुढे दोन आणि मागे दोन अंडरस्कोर. ज्या फाइलीत लिहाल तिच्याच फोल्डरचा पूर्ण पत्ता मिळतो, बोलावणारा कुणीही असो. पीएचपी ५.३ पासून आहे तरी जुने ट्युटोरियलवाले अजून डिरनेम आणि फाइल (हेही कॅपिटल, अंडरस्कोरवालं) जोडून तेच करतात, ते पण चालतं. फक्त डिरच्या शेवटी स्लॅश येत नाही, तो आपण घालायचा, नाहीतर फोल्डरचं न् फाइलीचं नाव चिकटून वॉर्निंगमध्ये 'इन्क्लुड्समेनू' असं काहीतरी दिसतं.

काही जण या भानगडीत नको म्हणून सी ड्राइव्हपासून अख्खा पाथ डबल कोटमध्ये लिहितात. त्यांनी वॉर्निंग नीट बघावी, झॅम्पच्या जागी 'एमपीपी' एवढंच उरलेलं दिसेल. डबल कोटमध्ये बॅकस्लॅश एक्स आलं की पीएचपी पुढची अक्षरं हेक्स (० ते ९ आणि ए ते एफ असे आकडे) म्हणून वाचतं, एक्स ए एम पी पी मधला ए हेक्समध्ये बसतो, त्याची होते नवी ओळ आणि एक्स-ए गायब. फोल्डरचं नाव एन वरून असेल तर तिथे पण तेच. पुढे झुकणारा स्लॅश वापरा, विंडोजला चालतो.

आणि सुरुवातीलाच स्लॅश टाकला की एचटीएमएलच्या लिंकमध्ये साइटचा रूट धरतात, पण इन्क्लूडमध्ये तो ड्राइव्हचा रूट होतो, एचटीडॉक्सचा (झॅम्पमध्ये साइटच्या फाइली ठेवायच्या फोल्डरचा) नाही. हे कुणी धड सांगत नाही.

आता तक्रार. झॅम्प विंडोजवर आहे आणि विंडोज स्मॉल-कॅपिटल बघत नाही. कोडमध्ये हेडरचा एच स्मॉल, फोल्डरमध्ये कॅपिटल, इथे कित्येक आठवडे मस्त चालतं. मग स्वस्तातलं होस्टिंग घेऊन चढवलं की तिथे लिनक्स, फाइल नाही म्हणतो, वर डिस्प्ले एरर्स (एरर स्क्रीनवर दाखवायची सेटिंग) बंद, त्यामुळे रिक्वायर (इन्क्लूडसारखंच, पण फाइल नसली की पान तिथेच थांबवणारं) लिहिलेलं असेल तर पांढरंफटक पान किंवा ५००, इन्क्लूड असेल तर हेडर नसलेलं पान. सपोर्टवाले म्हणणार तुमच्या कोडमध्ये प्रॉब्लेम आहे, आणि तो असतोच. एरर लॉगची फाइल उघडली की तीच दोन वाक्यं तिथे सापडतात.

एक एरर अशी की जिच्यात इन्क्लूडचं नावही नसतं. डेटाबेस कनेक्शनची फाइल फंक्शनच्या आत रिक्वायर वन्सने घेतली, पहिल्यांदा चालतं, त्याच पानात फंक्शन परत बोलावलं की 'अनडिफाइन्ड व्हेरिएबल'. वन्स म्हणजे वन्स, दुसऱ्यांदा फाइल घेतच नाही आणि पहिल्या वेळचं व्हेरिएबल फंक्शनबरोबर संपलेलं. कनेक्शन बाहेर करून फंक्शनला पास करा.

शिकायला झॅम्प घ्याच, फुकट आहे, एरर मोकळेपणाने दाखवतं. होस्टिंगवर चढवायच्या आधी मात्र मी हल्ली विंडोजमधल्या उबुंटूत (ते लिनक्सच), म्हणजे डब्ल्यूएसएलमध्ये, एकदा चालवून बघतो. तिथे प्रोजेक्ट उबुंटूच्या होम फोल्डरमध्ये कॉपी करून घ्या, सी ड्राइव्हवरूनच चालवलात तर स्मॉल-कॅपिटल परत माफ होतं आणि खटाटोप फुकट जातो.