राणीच्या पोटाचा आजार आणि रॉयल कॅनिनचे हायपोअ‍ॅलर्जेनिक खाद्य
आमची जर्मन शेफर्ड कुत्री राणी गेल्या पावसाळ्यापासून आठवड्यातून दोन-तीनदा उलटी करत होती, तिला शी बांधून होत नव्हती आणि वजन 28 किलोंवरून 24 किलोंवर उतरले होते. जंतांचे औषध देऊन झाले, शी तपासून झाली. या जातीत स्वादुपिंडातून पाचक रस कमी स्रवण्याचा विकार बराच आढळतो, म्हणून रक्ताची टीएलआय चाचणीही केली. तीही ठीक आली, तेव्हा एखाद्या अन्नाची अ‍ॅलर्जी असावी या संशयाने डॉक्टरांनी आठ आठवड्यांसाठी रॉयल कॅनिन या कंपनीचे हायपोअ‍ॅलर्जेनिक, म्हणजे सहसा अ‍ॅलर्जी न होणारे, खाद्य लिहून दिले.

यातील सोयाबीनची प्रथिने हायड्रोलाइज केलेली, म्हणजे इतक्या लहान तुकड्यांत तोडलेली असतात, की शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा त्यांच्यावर सहसा चालून जात नाही. जुन्या चिकन-भातात थोडे थोडे मिसळत आम्ही सात दिवसांत पूर्ण बदल केला. दहाव्या दिवसाच्या सुमारास उलट्या थांबल्या, तिसऱ्या आठवड्यात शी बांधून होऊ लागली आणि आठव्या आठवड्याच्या शेवटी वजन 26 किलो भरले.

मात्र या काळात दुसरे काहीही पोटात जाता कामा नये. दुधाची साय नाही, बिस्किट नाही, मांसाच्या चवीची औषधाची गोळीसुद्धा नाही. रोज शेवटची पोळी राणीसाठी राखून ठेवणाऱ्या माझ्या आईला हे पथ्य राणीपेक्षा जड गेले, पण तिने ते पाळले आणि म्हणूनच निष्कर्ष स्वच्छ मिळाला. पुढे डॉक्टरांच्या सांगण्यावरून चिकन पुन्हा सुरू केले, तर तिसऱ्याच दिवशी जुलाब लागले. दोष चिकनचा होता, याबद्दल मग शंका उरली नाही.

साध्या खाद्याच्या तुलनेत याची किंमत बरीच जास्त आहे, आणि आमच्या भागातल्या दुकानात ते नेहमी मिळत नाही, त्यामुळे पिशवी संपण्याच्या दहा दिवस आधीच मागणी नोंदवावी लागते. एक गोष्ट कळकळीने सांगतो: हे खाद्य कमी चरबीचे नाही. ज्या कुत्र्याला स्वादुपिंडाचा दाह झाला आहे किंवा पूर्वी होऊन गेला आहे, त्याला ते चालत नाही; त्याच्यासाठी याच कंपनीचे कमी चरबीचे वेगळे खाद्य मिळते. म्हणून लक्षणे सारखी दिसली तरी डॉक्टरांना न विचारता कोणी ते आणू नये.

सध्या आम्ही या खाद्यासोबत एकेक पदार्थ दोन आठवडे देऊन पाहत आहोत. उकडलेला बटाटा तिला पचला आहे, आता आईच्या पोळीची पाळी आहे.