क्रिटा : पंखे काढणाऱ्या आमच्या मुलासाठी

आमचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) असून सतराव्या वर्षात आहे आणि गेली दहा वर्षे तो केवळ पंख्यांची चित्रे काढतो. एका चित्रकला वर्गात त्याच्यापुढे फुलदाणी ठेवली जाई आणि ती पूर्ण केल्याशिवाय पंख्याला हात लावायचा नाही, असा दंडक होता. दोन महिन्यांत त्याने पेन्सिल हातात घेणेच सोडले. अठरावे वर्ष जवळ येत असताना त्याच्या कलेला पुढची वाट मिळावी म्हणून आम्ही जे शोधत होतो, ते क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याच अंशी सापडले. आठ महिन्यांच्या वापरानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

क्रिटा हे केडीई या सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांच्या समुदायात तयार झालेले मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, म्हणजे त्याची मूळ संहिता सर्वांसाठी खुली आहे. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर ते चालते आणि त्याच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते. स्वीडिश भाषेत क्रिटा म्हणजे खडू.

पहिल्या दिवशी पडद्यावरची पॅनेलांची गर्दी पाहून तो उठून गेला. नको असलेली पॅनेले बंद करून उरलेली मांडणी जतन करता येते हे कळल्यावर आम्ही तीन ब्रश आणि रंगचक्र एवढेच ठेवले, आणि दुसऱ्या दिवशीही सगळे जागच्या जागी आहे हे पाहून तो बसला. कागदावर रेघ चुकली की तो कागद फाटेपर्यंत खोडत असे आणि मग त्याची सगळी संध्याकाळ त्या फाटक्या कागदापायी जात असे. आता चुकलेली रेघ एका आज्ञेने मागे घेता येते. हात थरथरला तरी स्टॅबिलायझर रेघ सावरून घेतो.

खरी गंमत मल्टिब्रश या साधनाची आहे. त्यात ब्रशांची संख्या तीन ठेवली की एका पात्याची कड काढताना उरलेली दोन पातीही मध्यबिंदूभोवती आपोआप उमटतात. त्याने हे प्रथम पाहिले तेव्हा हात थांबवला, आकडा पाच केला, मग सात, आणि सात पात्यांचा पंखा कुठे असतो का, असे त्यानेच आम्हाला विचारले. एवढा लांब प्रश्न त्याने आपणहून क्वचितच विचारला असेल.

प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक टेम्पल ग्रँडिन स्वतः स्वमग्न आहेत. त्यांच्या आईने त्यांची चित्रकलेची आवड जोपासली आणि पुढे त्या पशुपालनासाठीच्या सुविधांचे आराखडे काढू लागल्या. मुलाचा विषय बदलायचा नाही, त्यालाच फांद्या फुटू द्यायच्या, हे आम्ही त्यांच्याकडून घेतले. क्रिटातील रॅप-अराउंड पद्धतीत कागदाच्या एका कडेबाहेर गेलेली रेघ समोरच्या कडेने आत येते. त्यामुळे त्याच्या पंख्यांची जोड न दिसणारी नक्षी तयार झाली आणि ओळखीच्या एका बाइंडरने ती वह्यांच्या वेष्टनासाठी मागितली. त्यासाठी त्याने बंद पंखा दिला. फिरता पंखा द्यायला ठाम नकार दिला. कारण आम्हाला समजले नाही, तरी आम्ही आग्रह केला नाही. चित्र त्याचे आहे, आणि मोबदलाही त्याच्याच हाती दिला.

माऊसने हे काम नीट होत नाही. पेनाचा ड्रॉइंग टॅबलेट हवाच. पडदा नसलेला टॅबलेट घेतल्यास हात खाली आणि नजर वर ठेवण्याची सवय व्हायला वेळ द्यावा. आमच्याकडे तीन आठवडे लागले आणि त्या काळात शेजारी बसून सूचना न देणे हे आम्हालाच सर्वांत जड गेले.

शेवटी क्रिटातील रेकॉर्डर या सोयीविषयी. तो चालू ठेवला तर चित्र घडतानाची चित्रफीत तयार करता येते. ती पाहिल्यावर कळले की तो प्रत्येक पंखा छताला टेकणाऱ्या वाटीपासून सुरू करतो, मग दांडी, मग मोटर, आणि पाती सर्वांत शेवटी. दहा वर्षे त्याच्या खांद्यामागे उभे राहूनही हे आमच्या लक्षात आले नव्हते.