दुबईतला फ्लॅट आणि निपाणीचा एजंट

बेळगावच्या उद्यमबागेतलं वर्कशॉप मुलाकडे दिलं आणि दुबईत एक बेडरूमचा तयार फ्लॅट घेतला. एजंट मूळचा निपाणीचा, दुबईत बारा वर्षं झालेली. ‘काका, बांधकाम चालू असलेलं घेऊ नका, आणि एस्क्रो खात्याशिवाय कुणाला दिरहम देऊ नका,’ हे त्यानं पहिल्याच फोनवर सांगितलं. एस्क्रो म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे सुरक्षित ठेवणारं खातं. माणूस तिथंच पटला.

फ्रीहोल्ड भाग, म्हणजे परदेशी माणसाला पूर्ण मालकीनं घर घेता येतं तो, कुठला, लँड डिपार्टमेंटची 4 टक्के फी, वर त्याची 2 टक्के दलाली, सगळं आधी कागदावर लिहून दिलं. भारतातून माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात, म्हणून निम्मी रक्कम बायकोच्या नावानं गेली. दहा लाखांवर बँकेनं 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापला तेव्हा मात्र पोटात गोळा आला. रिटर्नमध्ये तो वळता होतो, पण तोवर पैसा अडकतोच की! हे आमच्या इथल्या सीएनं सांगायला हवं होतं.

एक तक्रार: इमारतीचा वार्षिक सर्व्हिस चार्ज चौरस फुटावर लागतो, हे एजंट शेवटी बोलला. भाड्यातून बराच जातो तो. तरी टायटल डीड, म्हणजे मालकीचा कागद, हातात आल्यावर त्याला कुंदा नेऊन दिला, दोन किलो.