बंद खाणीच्या जागी लहान अणुभट्टी की उदंचन जलविद्युत?

खाणीतले खनिज संपल्यावर मागे उरलेल्या जमिनीचे काय करायचे, हा प्रश्न ज्या गावांपुढे आहे त्यांना अलीकडे दोन पर्याय सुचवले जातात: लहान अणुभट्टी आणि उदंचन जलविद्युत प्रकल्प, म्हणजे वीज स्वस्त असताना पाणी वरच्या जलाशयात चढवून ठेवायचे आणि मागणी वाढली की ते खालच्या जलाशयात सोडून वीज बनवायची. दोन्हींना लागणारी जागा मात्र अगदी वेगळी असते, आणि निर्णय बहुधा तेथेच चुकतो.

अमेरिकेतील वायोमिंग राज्यात केमरर या कोळसा खाणींच्या गावाजवळ टेरापॉवर कंपनीने २०२४ मध्ये ३४५ मेगावॅटच्या अणुवीज प्रकल्पाचे काम सुरू केले. ही भट्टी द्रवरूप सोडियमने थंड ठेवली जाते, आणि वितळलेल्या क्षारांत साठवलेल्या उष्णतेच्या बळावर मागणी वाढली की काही तास ५०० मेगावॅटपर्यंत वीज देता येते. तिची जागा खाणीच्या खड्ड्यात नाही. ती नॉटन औष्णिक वीजकेंद्राच्या परिसराजवळ आहे, कारण पारेषण वाहिन्या आणि वीजकेंद्र चालवण्याचा सराव असलेली माणसे तेथे आहेत. पोखरलेल्या जमिनीवर अणुभट्टी उभारू नये, असे माझे ठाम मत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुसला २०२२ मध्ये जुन्या भुयारी खाणीच्या भागातले एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले होते. शिवाय केमररच्या भट्टीला साध्या अणुभट्टीपेक्षा बरेच अधिक समृद्ध केलेले युरेनियम लागते. रशियाकडून ते मिळण्याचा मार्ग युक्रेन युद्धामुळे बंद झाला आणि २०२८ चे उद्दिष्ट किमान दोन वर्षे लांबले.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधील किडस्टन ही सोन्याची खाण २००१ मध्ये बंद झाली. तिचे जुने खड्डे जलाशय म्हणून वापरणाऱ्या प्रकल्पाची क्षमता आपल्या घाटघर उदंचन प्रकल्पाइतकीच, म्हणजे २५० मेगावॅट आहे, आणि ती आठ तास पुरावी अशी योजना आहे. येथे खड्डा हीच संपत्ती ठरते. तरीही खाण आडबाजूला असल्याने सुमारे १८६ किलोमीटरची नवी पारेषण वाहिनी टाकावी लागली, आणि पाणी वर चढवताना खर्च होणारी वीज परत मिळणाऱ्या विजेपेक्षा अधिकच असते, त्यामुळे दिवसा स्वस्त सौरवीज जवळ असेल तरच हा व्यवहार परवडतो.

विदर्भातील बंद खुल्या खाणींसाठी मी आधी उदंचनाचाच विचार करीन, पण दोन जलाशयांच्या पातळ्यांत पुरेसा फरक आहे का आणि खड्ड्यातले पाणी आम्लयुक्त आहे का, हे मोजल्यावरच. अणुभट्टीचा विचार करायचाच असेल, तर तो निवृत्त औष्णिक संचांच्या आवारासाठी करावा.