अनुदानाचा फवारणी पंप आणि बॅटरीशेजारचं थर्मोकोल

मे महिन्याचा तिसरा आठवडा. वेंगुर्ल्याच्या अलीकडे आमच्या वाडीच्या तिठ्यावर एक टेम्पो लागला. हिरवा बॅनर, त्यावर हसरा शेतकरी, 'शासकीय अनुदान ५० टक्के, फक्त आज', आणि वर भोंगा. मुंबईत एकतीस वर्षं बँकेत काढून मी गावी आलोय. खोटी नोट बोटांना कळते, याचा मला जरा गर्वच होता. त्या दिवशी मात्र दहा मिनिटांत २,८०० रुपये मोजून बॅटरीचा पंप घेऊन घरी आलो.

घाई होती, हे खरं. मृग तोंडावर. पोफळींवर पावसाआधी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, गेलं नाही तर कोळे रोगाने हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडतो, हे गेल्या पावसात बघितलं होतं. मिरीच्या वेलांनाही तेच औषध द्यायचं होतं. जुना हातपंप वायसर खाऊन बसलेला. टेम्पोवाले मे महिन्यातच का फिरतात, हे मला आता कळतं.

विकणारा तरुण, गोड बोलणारा. "काका, मूळ किंमत ५,६००. अर्धे सरकार भरतंय, अर्धे तुम्ही. आधारची झेरॉक्स आणि एक सही द्या." टाकी सोळा लिटरची, बॅटरी '१२ बाय १२', म्हणजे बारा व्होल्ट आणि बारा अँपिअर-अवर, नोझल पितळी, नळी स्टेनलेस स्टीलची, वर्षाची वॉरंटी. मग त्याने पंप चालू केला आणि समोरच्या माडावर पाण्याची अशी धार मारली की पोरांनी टाळ्या वाजवल्या. नुसत्या पाण्यावर, भरलेल्या बॅटरीवर, पाच मिनिटं कुठलाही पंप अशी धार मारतो. धार बघून पंप घेणं म्हणजे रंग बघून बैल घेण्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डो करायला घेतलं. एक टक्क्याचं प्रमाण म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. मला पन्नास लिटर पुरे, म्हणून अर्धा-अर्धा किलो. प्लास्टिकच्या दोन वेगळ्या बादल्यांत दोन्ही भिजवून पिंपात एकत्र केलं. शेजारचे तात्या कुंपणापलीकडून बघत होते. म्हणाले, कोयता बुडवून बघ. मोरचूद मोकळं राहिलं असेल तर लोखंडावर तांबं चढतं, पातं तांबडं होतं, मग चुना वाढवायचा. मी कोयता बुडवला. आणि थोडी मिरवायची हौस म्हणून नव्या पंपाची नळीही टोकाने बुडवली. तिला काही होणार नाही, हे तात्यांना दाखवायचं होतं.

दोन्ही वर काढलं. तात्या आधी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे मेल्या, कोयतो तांबडो झालो ता बरोबर, चुनो जुनो आसा तुझो. पण ही नळी कित्याक तांबडी झाली? स्टीलची मां?"

ती लोखंडाची होती, वरून चकाकी चढवलेली, आणि टोकाला चकाकी पोचलीच नव्हती. आठ वर्षांच्या नातवाने फ्रीजवरचं चुंबक आणून लावलं, ते चिकटून बसलं. चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. नोझलवर कानस फिरवली तर पिवळ्या पापुद्र्याखाली पांढरं प्लास्टिक. पितळ असतं तर आतही पिवळंच निघालं असतं.

तरी मी नवी चुन्याची निवळी घालून फवारणीला गेलोच. अठ्ठावीसशे रुपये पाण्यात गेले, हे मान्य करायला माणसाला एक दिवस लागतो. तिसऱ्या टाकीला टाकीच्या बुडातून गळती सुरू झाली आणि माझी पाठ निळी झाली. ते बोर्डो होतं म्हणून साबणावर भागलं. काजूवर ढेकण्या किडीसाठी मारतो ते कीटकनाशक टाकीत असतं तर? भिजलेल्या सदऱ्यातून ते तासभर अंगात मुरत राहिलं असतं. हा विचार मला पैशांपेक्षा जास्त लागला.

तिसऱ्या दिवशी बॅटरीने वीस मिनिटांत मान टाकली. रात्रभर चार्ज केली, पुन्हा वीस मिनिटं. शेवटी मी बुडाचं झाकण उघडलं. बॅटरीच्या कप्प्यात बॅटरी एका बाजूला, आणि उरलेल्या जागेत ठासून भरलेलं थर्मोकोल. कप्पा बारा अँपिअरच्या बॅटरीच्या मापाचा होता, आत होती तिच्याहून बरीच अरुंद बॅटरी. '१२ बाय १२'चं स्टिकर नखाने सोललं तर खाली बारा व्होल्ट, सात अँपिअर. संगणकाच्या यूपीएसमध्ये असते ती. आमच्या बँकेत दर दोन-तीन वर्षांनी असल्या बॅटऱ्या बदलून जुन्यांचा ढीग भंगारात जायचा. तो ढीग मी डोळ्यांनी बघितला होता, आणि तरी!

खात्री करायला मी ती बॅटरी पिशवीत घालून वेंगुर्ल्याच्या मासळी बाजारात नेली, कारण काटा तिथे हाताशी. मासेवाली मावशी म्हणाली, "बांगडे घेतल्याशिवाय वजन करूचंय नाय." बांगडे घेतले. बॅटरी भरली दोन किलो. बारा अँपिअरची शिशाची बॅटरी साधारण तीन-साडेतीन किलोंची असते. शिशाचं वजन लपवता येत नाही, स्टिकर काहीही सांगो.

वॉरंटी कार्डावरच्या नंबरावर फोन केला. पहिल्यांदा उचलला, म्हणे तुम्ही चार्जिंग नीट केलं नाही. दुसऱ्यांदा 'उद्या माणूस पाठवतो'. तिसऱ्यांदा बंद, तो अजून बंदच. बिल म्हणून जो कागद दिला होता तो आता पहिल्यांदा नीट वाचला. जीएसटी क्रमांक तेरा आकड्यांचा. तो पंधरा आकडी-अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की दुकानाचं नाव निघतं. बँकेत मी हे दुसऱ्यांना शिकवलंय. रोखीने पैसे दिले, कारण 'इथे रेंज नाही काका'. रेंज नव्हती हे मात्र खरं.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला. पलीकडची बाई शांतपणे विचारत होती: विक्रेत्याचं नाव, पत्ता, बिल? माझ्याकडे गोड बोलणारा एक तरुण आणि हिरवा बॅनर एवढंच होतं. टेम्पोचा नंबरही कोणी टिपला नव्हता, टाळ्या वाजवणाऱ्या पोरांनीसुद्धा नाही.

अनुदानाचं म्हणाल, तर ते असं तिठ्यावर किमतीतून वजा होत नाही. महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा, निवड झाली की पूर्वसंमती येते, मग नोंदणीकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर खरेदी, बिल अपलोड, आणि नंतर पैसे आपल्या बँक खात्यात. आधी घेतलेल्या पंपाचं बिल तिथे चालत नाही. ५,६००चा आकडा हा ५० टक्के दिसावेत म्हणूनच रचलेला. तसला पंप बाजारात विचारलात तर त्या २,८००लाही कोणी घेऊ नये. आधारची झेरॉक्स त्याच्याकडे गेली याची धास्ती वेगळीच. त्याच रात्री मुलीने मोबाईलवरून माझं आधारचं बायोमेट्रिक लॉक करून दिलं. वाडीत आणखी चौघांनी पंप घेतले होते. त्यातल्या दोघांनी अजून झाकण उघडलेलं नाही. उघडा म्हटलं तर रागावतात.

उरलेल्या पोफळींवर बोर्डो तात्यांच्या हातपंपाने मारलं. त्यांचा पंप बावीस वर्षांचा आहे, नोझल पितळी, आणि वायसर ते दर पावसाआधी बदलतात. मला विचारलंत तर टिकाऊ पंपाचं गुपित त्या दहा-वीस रुपयांच्या वायसरात आहे. ज्या पंपाचे वायसर, ट्रिगर आणि नोझल आपल्या तालुक्याच्या बाजारात सुटे मिळत नाहीत, तो कितीही भारी असो, एका पावसाचा पाहुणा. काम झालं की साध्या पाण्याने धुऊन एक टाकी मोकळी मारायची, बॅटरी पावसाळाभर रिकामी न ठेवता महिन्यातून एकदा चार्ज करायची, आणि तणनाशकाचा पंप वेगळा. बॅटरीचं सोडलं तर हे सगळं तात्या करतात, मीही करायला लागलोय.

ऑक्टोबरात काजूच्या कलमांना पालवी दिसायला लागली. वेंगुर्ला-७ जातीची माझी चाळीस कलमं आहेत, ढेकण्या त्यांच्या कोवळ्या पालवीवर बसतो. पंप हवाच होता. या वेळी बाजारातल्या दुकानात गेलो. दुकानदाराला नळीला चुंबक लावू दे म्हटलं, लावू दिलं. टाकीत पाणी भरून पंप पाठीवर घेऊन दुकानासमोर दहा मिनिटं उभा राहिलो, बुड कोरडं. मग म्हटलं, बॅटरी काढून द्या, वजन करून आणतो. तो चमकला. पण म्हणाला, "न्हेवा, माका काय." आणि स्वतःच झाकणाचे स्क्रू खोलून दिले. आत थर्मोकोल नव्हतं.

मी बॅटरी घेऊन मासळी बाजारात गेलो. मावशीने मला लांबूनच ओळखलं, काट्यावरचे पेडवे बाजूला सारले आणि पाट्याला पाणी मारलं. बॅटरी भरली तीन किलो तीनशे. "आज सुरमय घेवचीच लागतली," ती म्हणाली. घेतली.